विनाशाला उंबरठा कशाला?

हल्लीं मराठी वृत्तपत्र उघडावें तों कोणी ना कोणी कशाच्या तरी उंबरठ्यावर उभें असतें. एक देश युद्धाच्या, दुसरा दिवाळखोरीच्या, तर एखादा पक्षी नामशेष होण्याच्या! हा उंबरठा इंग्रजीच्या भाषांतरानें आमच्या गळ्यांत पडला आहे. आणि तो ना इंग्रजीशीं इमान राखतो, ना मराठीशीं.

इंग्रजांजवळ या प्रसंगासाठीं एकच शब्द नाहीं. 'ब्रिंक' म्हणजे तुटलेल्या कड्याची धार. म्हणून तो बहुधा युद्ध, सर्वनाश, दिवाळें यांच्या संगतींत आढळतो. 'व्हर्ज' ही केवळ हद्द. लॅटिनमधील काठीवाचक शब्दापासून ती आली, आणि राजदरबाराभोंवतालच्या १२ मैलांच्या अधिकारक्षेत्रासही एके काळीं तेंच नांव होतें. म्हणून माणूस रडूं कोसळण्याच्या 'व्हर्ज'वर असतो, तसाच यशाच्याही. 'ईव्ह' म्हणजे आदली संध्याकाळ; तेथें प्रश्न स्थळाचा नव्हे, वेळेचा.

अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनीं १९५६ सालीं 'लाइफ' साप्ताहिकांतील मुलाखतींत, युद्धाच्या कडेपर्यंत जाऊनही युद्धांत न पडण्याची कला वाखाणली. बोलतांना त्यांनीं 'व्हर्ज' आणि 'ब्रिंक' हे दोन्ही शब्द वापरले. परंतु टीकाकारांनीं उचलला तो 'ब्रिंक'च, आणि 'ब्रिंकमनशिप' हा कुत्सित शब्द रूढ झाला. कारण उघड आहे. हद्दीवरून मागें फिरतां येतें. कड्यावरून पाय घसरला कीं संपलें.

आतां आमचा उंबरठा पाहा. नववधू माप ओलांडते ती येथें. रांगोळी आणि हळदकुंकू लाभतें तें यास. तो ओलांडून आंत येतां येतें, तसें बाहेरही जातां येतें. कोणी म्हणतील, हिरण्यकशिपूचा वध उंबरठ्यावरच झाला. खरें, पण तो घरांतही नाहीं व बाहेरही नाहीं म्हणून, तेथून कोठें कोसळावयाचें होतें म्हणून नव्हे.

मराठीला का शब्दांचें दारिद्र्य आहे? पेढी डबघाईस येते, रोगी अखेरच्या घटका मोजतो, संकट गळ्याशीं येतें, प्रसंग जिवावर बेततो. कडाच हवा तर 'कडेलोट' आहे; मात्र तो पडण्याचा शब्द आहे, उभें राहण्याचा नव्हे. 'कडेलोटावर उभा' असें लिहिणारानें आधींच लोटून दिलेला माणूस उभा केला, हें विसरूं नये.

आमचा आक्षेप इंग्रजी शिकण्यास नाहीं, अर्धवट शिकण्यास आहे. जो देश वर्षानुवर्षें उंबरठ्यावरच असल्याचें वाचक वाचीत आला, तो खरोखर कड्यावर पोंचेल त्या दिवशीं आमचीं वृत्तपत्रें कोणता शब्द वापरणार?