फलंदाजीचा क्रम कोण ठरवतो?

भातकापणी आणि झोडणी उरकली की आमच्या कर्जत-खालापूर तालुक्यांत मोकळ्या शेतांवर टेनिस क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. शेत सारखे करायचे, चुन्याने सीमारेषा आखायची, एका बाजूला मांडव, त्यात पुढाऱ्यांच्या खुर्च्या, कर्णा आणि समालोचक. पाच षटकांचा सामना. बक्षिसाला चषक, रोख रक्कम, कधी मोटारसायकलसुद्धा. फार्महाऊसवाल्यांनी आणि जमिनीच्या दलालांनी या भागात पैसा आणला तसा तो क्रिकेटमध्येही उतरला. पूर्वी एका वाडीचा एक संघ असे. आता संघमालक आले, खेळाडूंची बोली लागते. कोर्टाला सुटी असली की आम्हीही एखाद्या बांधावर बसून सामने पाहतो. हा आमचा जुना शौक आहे आणि त्याबद्दल आम्हाला कसलाही संकोच वाटत नाही.

पाच षटके म्हणजे ३० चेंडू. हे गणित नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळा प्रश्न त्यातच आहे. तीस चेंडूंत सलामीची जोडी आणि त्यानंतरचे दोन-तीन गडी एवढेच खऱ्या अर्थाने फलंदाजी करतात. सातव्या-आठव्या क्रमांकावरचा मुलगा नावाला फलंदाज असतो. तो सीमेबाहेर बॅट घेऊन उभा राहतो, सामना संपतो, तो बॅट दुसऱ्याला परत देतो. क्षेत्ररक्षणाचेही तसेच. टेनिसचा चेंडू हलका, तो उंच उडतो आणि बहुतेक फटके मिडविकेट व लाँग ऑनकडे जातात. झेल तिथे, टाळ्या तिथे, समालोचकाच्या तोंडी नाव येते तेही तिथेच. याउलट फाईन लेगचा किंवा थर्डमॅनचा जो कोपरा ओहोळाला लागून असतो, तिथे झेल कमी आणि काट्याकुट्यातून चेंडू शोधून आणण्याचे काम जास्त.

खालापूर तालुक्यातल्या अशाच एका स्पर्धेत आमच्या वस्तीतला एक मुलगा खेळत होता. बौद्ध समाजातला, वय एकोणीस-वीस, खोपोलीकडे एका कारखान्यात कंत्राटी कामगार. सरावात आम्ही त्याला पाहिले आहे. सरळ बॅटने मारतो, डोके शांत ठेवतो. त्याला संघात घेतले होते, अगदी रीतसर बोली लावून. पण सगळ्या सामन्यांत तो आठव्या क्रमांकावर आणि क्षेत्ररक्षणाला कायम ओहोळाच्या कोपऱ्यात. त्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात एक कातकरी मुलगा, त्याचीही तीच गत. शेवटच्या सामन्यात आमच्या मुलाला दोन चेंडू मिळाले. पहिल्यावर चौकार, दुसऱ्यावर एक धाव. संघ हरला होता तो हरलाच.

आम्ही कर्णधाराला विचारले, बाबा रे, हा मुलगा तिसऱ्या क्रमांकावर का नाही? तो म्हणाला, "वकीलसाहेब, तो शेवटी फटके मारतो ना, म्हणून राखून ठेवलाय." राखून ठेवलाय! आमच्या नावाने जे आरक्षण सहन होत नाही ते इथे असे आपणहून दिले जाते. मग आयोजक पुढे आले. "साहेब, तुम्ही इथे पण जात आणता का? पोरगा पळतो चांगला, म्हणून तिकडे लावतात."

जात आम्ही आणली नाही. ती आमच्या आधीपासून मैदानात उभी आहे. हे वाक्य आम्ही रागाने लिहीत नाही, इतिहास समोर ठेवून लिहितो.

पळवणकर बाळू हे नाव आज किती क्रिकेटवेड्या पोरांना ठाऊक आहे? चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडत आणि रोलर फिरवत होता. १८९२ च्या सुमारास तो पूना क्लबात चार रुपयांवर आला. तिथे ग्रेगसारखे गोरे साहेब त्याच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेत. बॅट मात्र त्याच्या हाती देत नसत. चेंडू टाकणे हे कष्टाचे काम, ते नोकराने करायचे. बॅट हा मालकाचा मान. गोऱ्यांनी हा धडा कुठून घेतला हे सांगायला नको, त्यांच्याही देशात सरदार-उमराव बॅट धरत आणि गोलंदाजी चाकरमाने करत. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाने बाळूला संघात घेतले, कारण त्याच्याशिवाय गोऱ्यांना हरवता येत नव्हते. मैदानात तो टाकेल त्या चेंडूला सर्वांचा स्पर्श चालत होता. चहाच्या वेळी मात्र त्याला पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला, तिथे बाळूने सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. एवढ्या कामगिरीनंतर हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले का? नाही मिळाले. वर्षानुवर्षे ज्येष्ठता त्याची आणि नाणेफेकीला दुसराच कोणी. १९२० साली तर कर्णधार पै आजारी असताना कर्णधारपद देवधरांकडे गेले आणि बाळूला संघातूनच वगळले. तेव्हा त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली. ही घटना आम्हाला बाळूच्या ११४ बळींपेक्षा मोठी वाटते. आपल्याला जागा मिळाली असताना भावाच्या अपमानासाठी ती सोडणे सोपे नसते. त्या निषेधामुळे गोष्टी हलल्या, बाळू उपकर्णधार झाला, आणि १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला. त्या वर्षी हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. विठ्ठलाने पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते आमच्या तरुणांनी मिळवून वाचावे.

इथे काही वाचक आम्हाला अडवतील हे ठाऊक आहे. बाळू पुणे कराराच्या वेळी कोणत्या बाजूला होते? १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसच्या तिकिटावर प्रत्यक्ष बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले नव्हते काय? राहिले होते. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. हा इतिहास आम्ही लपवत नाही. पण त्याच बाळूंच्या खेळाचे बाबासाहेबांनी आधी जाहीर कौतुक केले होते. राजकारणात चुकलेल्या माणसावर मैदानात झालेला अन्याय हा अन्यायच राहतो. तो लढा विसरून जायचा आणि फक्त ती निवडणूक लक्षात ठेवायची, हे आम्हाला पटत नाही.

आता कोणी म्हणेल, हा शंभर वर्षांपूर्वीचा काळ झाला. तर मग अमेरिकेकडे पाहू. तिथे बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा चुलतभाऊ. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला, त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ वरच्या श्रेणीतले दरवाजे त्याच्या समाजाला बंद होते. दरवाजा उघडल्यावर सगळे ठीक झाले असे तिथल्या लोकांना वाटले. पण १९७० साली लॉय आणि मॅकएल्वोग या दोन अभ्यासकांनी संघांतल्या जागा तपासल्या तेव्हा निराळेच चित्र दिसले. खेळाच्या मध्यभागी, जिथे डावपेच ठरतात, इशारे दिले जातात, तिथे बहुतांश गोरे. आणि लांबच्या मैदानात, जिथे धावायचे आणि चेंडू पकडून परत फेकायचा, तिथे कृष्णवर्णीयांची गर्दी. कारण काय सांगत? ते पळतात चांगले! आमच्या आयोजकाने ते संशोधन वाचले असण्याची शक्यता नाही. तरी उत्तर शब्दशः तेच निघाले. आणि जो लांब उभा राहतो त्याला पुढे कोण प्रशिक्षक करतो? रॉबिन्सननंतर पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक, फ्रँक रॉबिन्सन, मैदानात उतरायला १९७५ साल उजाडावे लागले. संघात घेणे आणि संघ चालवू देणे यांत २८ वर्षांचे अंतर पडले.

म्हणून आम्ही म्हणतो, अकरांच्या यादीत नाव आले म्हणजे न्याय झाला असे समजू नका. त्या यादीतला क्रम पाहा.

क्रम बदलला की काय होते हे आम्ही सगळ्यांनी २०२५ साली डोंगरापलीकडे नवी मुंबईतच पाहिले. महिला विश्वचषकाच्या त्याच स्पर्धेत जेमिमा रॉड्रिग्जला इंग्लंडविरुद्ध वगळले होते. ३० ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ती पाचव्या क्रमांकावर जाणार होती. मैदानात उतरायच्या पाच मिनिटे आधी तिला कळले की तिसऱ्या क्रमांकावर जायचे आहे. तिने नाबाद १२७ धावा केल्या आणि ३३९ धावांचे लक्ष्य पार झाले. मुलगी तीच, बॅट तीच, जागा बदलली होती. २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात शफाली वर्मा, जी मूळ संघातच नव्हती, प्रतिका रावल जखमी झाल्यामुळे आली होती, तिने ८७ धावा काढल्या आणि दोन बळीही घेतले. आणि अमनजोत कौर. सुतारकाम करणाऱ्या बापाने लाकडातून घडवून दिलेल्या बॅटवर शिकलेली ही मुलगी. तिने थेट फेकीवर ब्रिट्सला धावबाद केले आणि शतक ठोकून उभ्या असलेल्या वोल्वार्डचा झेल डीप मिडविकेटला दोनदा हातातून निसटू देऊन तिसऱ्या वेळी पकडला. भारत ५२ धावांनी जिंकला. लांबची जागा कमीपणाची नसते, हे अमनजोतने दाखवले. पण तिला तिथे तिच्या हातांवर विश्वास ठेवून उभे केले होते. ओहोळातून चेंडू आणण्यासाठी कोणाला उभे करणे ही वेगळी गोष्ट.

गुणवत्तेचा मुद्दा आला की लोक दक्षिण आफ्रिकेचे नाव घेऊन नाके मुरडत. तिथल्या क्रिकेट मंडळाने २०१६ साली ठरवले की हंगामाच्या सरासरीत संघात किमान सहा गौरेतर खेळाडू असावेत, त्यांपैकी दोन कृष्णवर्णीय आफ्रिकन. संघ बुडणार अशी भाकिते झाली. टेम्बा बवुमाला तर कोट्यातला कर्णधार म्हणून हिणवले गेले. जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला पाच गडी राखून हरवून कसोटीचे जगज्जेतेपद त्याच बवुमाने आणले. मांडीचा स्नायू दुखावलेला असताना त्याने ६६ धावा केल्या होत्या. १९९८ नंतर त्या देशाला मिळालेला हा पहिला मोठा चषक. आपल्याकडे २०१७ साली रामदास आठवले यांनी क्रिकेट संघात अनुसूचित जाती-जमातींना २५ टक्के आरक्षण मागितले तेव्हा वाहिन्यांनी त्याची थट्टा केली. आठवल्यांच्या राजकारणाशी आमचे मतभेद आहेत, पण थट्टा करणाऱ्यांपैकी एकानेही बाळूचे नाव काढले नाही, हे आम्ही टिपून ठेवले.

कायद्याने काय करता येईल, असे आम्हाला पोरे विचारतात. घटनेच्या कलम १५ (२) प्रमाणे सरकारी पैशातून राखलेल्या किंवा सर्वांसाठी खुल्या असलेल्या सार्वजनिक जागेवर कोणालाही जातीवरून रोखता येत नाही. ग्रामपंचायतीच्या मैदानावरून कोणी हाकलले तर आम्ही कोर्टात उभे राहू, फी न घेता. क्रिकेट मंडळाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली झी टेलिफिल्म्स खटल्यात ते 'राज्य' नाही असे ठरवले, पण ते सार्वजनिक काम करते म्हणून उच्च न्यायालयात रिट चालते, हे २०१५ च्या बिहार असोसिएशनच्या निकालात पुन्हा स्पष्ट झाले. एवढे सगळे खरे. पण तिसऱ्या क्रमांकावर कोणाला पाठवावे यासाठी कोणतेही न्यायालय मनाई हुकूम देणार नाही, आणि देऊही नये. कायदा आपल्याला सीमारेषेच्या आत आणून सोडतो. आत कुठे उभे राहायचे ते कर्णधार ठरवतो, आणि कर्णधार कोण हे संघमालक ठरवतो.

मग आपलेच संघ काढा, आपल्याच स्पर्धा भरवा, असा एक उपाय सांगितला जातो. जयंतीच्या दिवसांत आमच्याकडे तशा स्पर्धा होतात, आम्ही त्यांत भाग घेतो, देणगीही देतो. पण खरे बोलायचे तर आमच्या स्पर्धांतही आम्ही काय पाहिले? सलामीला मंडळाच्या अध्यक्षांचा पुतण्या. कर्णधार तोच, जो बॅनरवर मोठ्या फोटोत असतो. आणि कातकरी वाडीवरची दोन मुले संघात घेतली तर ती कुठे उभी राहिली? तुम्हीच ओळखा. मुलींना तर मैदान मिळतच नाही, त्यांच्या वाट्याला चहा आणि सरबत. दुसऱ्यांच्या संघात जे आम्हाला टोचते ते आमच्या संघात आम्हाला दिसत नाही, हे लिहिताना आम्हाला त्रास होतो. पण लिहिले नाही तर आयोजकाला जाब विचारण्याचा आमचा अधिकार तरी कुठे राहिला?

म्हणून वस्तीच्या बैठकीत आम्ही एक सूचना मांडली. आपल्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला साखळीतल्या किमान एका सामन्यात पहिल्या चार क्रमांकांत पाठवावे. क्षेत्ररक्षणाच्या जागा प्रत्येक षटकानंतर एका घराने फिरवाव्यात, निदान लांबच्या चार जागा तरी. आणि एक सामना मुलींचा असावा, प्रदर्शनीय म्हणून नव्हे, गुणतक्त्यात धरून. तरुणांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या बाजूने एक कार्यकर्ते उठले, आमचे चांगले मित्र, मोर्चात नेहमी पुढे असणारे. म्हणाले, "ॲडव्होकेटसाहेब, सगळं मान्य. पण फायनलला तरी आमच्या पोराला ओपनिंगला राहू द्या."

ठराव अजून मंजूर झालेला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे. तो आठव्या क्रमांकाचा मुलगा पहिल्या बैठकीला आला नव्हता, त्याची पाळी होती. या वेळी त्याची पाळी बघूनच आम्ही वेळ ठरवली आहे.