मला आवडतं = मे गुस्ता

बऱ्याच दिवसांत इकडे काही लिहिलं नव्हतं. यावरही लिहायचं नव्हतं, पण गेल्या रविवारी घरी जे झालं ते पोटात राहीना. नातेवाईक मंडळी इथे डोकावतात हे मला ठाऊक आहे (मोठे काका, चष्मा लावा). तरी लिहिते.

तर झालं असं. माझ्या भाचीची बारावी झाली. मार्क चांगले आहेत. आणि ती म्हणते की मला स्पॅनिश घेऊन बीए करायचंय. हैदराबादच्या इफ्लूमध्ये स्पॅनिशचं बीए ऑनर्स आहे, दिल्लीला जेएनयूत आहे, सगळी चौकशी पोरीने स्वतः केलेली. पण घरात असा गोंधळ, जणू ती सर्कशीत भरती व्हायला निघाली आहे. जेवणं चालली होती. काका म्हणाले, "स्पॅनिश शिकून काय करणार बे? बैलापुढं लाल फडकं धरणार?" सगळे हसले. मीसुद्धा थोडी हसले, ते आता टोचतंय. पोरगी ताट तसंच ठेवून आत गेली.

त्या ताटात काय होतं, काका? कडक भाकरी, शेंगाची चटणी, टोमॅटोची कोशिंबीर. ज्या चटणीसाठी सोलापूरचं नाव पुण्यामुंबईत घेतात, तिच्यातला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा आणि मिरचीही अमेरिका खंडातलीच. कोलंबस 1492 साली तिकडे धडकण्याआधी आपल्याकडे ना शेंगा होत्या ना मिरची. टोमॅटो हा शब्दसुद्धा मेक्सिकोतल्या नाहुआट्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून जगभर गेला. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे 1 आणि 2 नोव्हेंबरला लोक घरात आपल्या मेलेल्या माणसांसाठी झेंडूची आरास करतात आणि त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडून ठेवतात. पितृपक्षात आजीच्या पानाला पुरणपोळी ठेवणाऱ्या घराला हे परकं वाटावं? "आपला काय संबंध" असं म्हणताना निदान तोंडातला घास तरी गिळायचा.

आणि डाळिंब! राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या सोलापुरात आहे, 2005 पासून. स्पॅनिशमध्ये डाळिंबाला 'ग्रानादा' म्हणतात. त्याच नावाचं शहर स्पेनच्या दक्षिणेला आहे आणि त्याच्या मानचिन्हात डाळिंब आहे. सांगोल्याच्या एखाद्या बागायतदाराच्या मुलाला हे कुठल्या वर्गात सांगितलं जातं? स्पॅनिश संस्कृती म्हणून सांगतात ते काय, तर फ्लामेंको, बैल आणि फुटबॉल. स्पेनची वस्ती पाच कोटींच्या आत, एकट्या मेक्सिकोची तेरा कोटींच्या आसपास. स्पॅनिश बोलणारे वीसेक देश आहेत, पण आपल्या डोक्यात एकच बैल.

दुसरा मुद्दा, तो मला जास्त लागतो. आपण डॉ. कोटणीसांचे गाववाले म्हणून मिरवतो. 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकात तो सोलापूरचा मुलगा चीनला गेला. बाकीचे परत आले, हा तिथेच राहिला, चिनी शिकला, त्या भाषेत रुग्णांशी बोलला, विद्यार्थ्यांना शिकवलं आणि 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेला. चिनी शिकून काय करणार, असं तेव्हा कुणी ना कुणी विचारलं असणारच. त्या विचारणाऱ्याचं स्मारक कुठे नाही.

स्पॅनिशचंच उदाहरण हवं असेल तर पांडुरंग खानखोजे घ्या. वर्ध्याचा माणूस, गदर चळवळीतला. इंग्रजांनी परतीची वाट बंद केली तेव्हा मेक्सिकोत पोचला आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाला. मक्यावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी शेतकी शाळा काढल्या, आणि हे सगळं स्पॅनिशमधून. दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलंय. 2022 मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळाही उभा राहिला. आपल्याकडे किती जणांना नाव माहीत आहे? मला स्वतःला तिशी उलटल्यावर कळलं, तेही एका इंग्रजी लेखातून. असो.

आता मी या भानगडीत का पडते, तेही सांगते. पुण्यात नोकरीला होते तेव्हा दोन वर्षं संध्याकाळी एका क्लासात स्पॅनिश शिकले. (काका, हे तुम्हाला आज कळतंय. तेव्हा मी टॅलीचा कोर्स करते म्हणून सांगितलं होतं.) तिथली एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. मास्तर 'मे गुस्ता' शिकवत होते. इंग्रजीत 'आय लाइक', त्यात 'मी' कर्ता. स्पॅनिशमध्ये तसं नाही, आवडणारी वस्तू कर्ता आणि 'मला' आवडतं. इंग्रजीतून हे समजावता समजावता मास्तरांना घाम फुटला. फळ्यावर बाण काढले, उलटे, सुलटे. कॉन्व्हेंटची मुलं गोंधळली. मागच्या बाकावर बार्शीकडचा एक मुलगा बसायचा, मराठी माध्यमाचा. तो एकदम म्हणाला, "सर, हे तर मराठीच आहे की. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याप्रमाणं चालतंय." अगदी बरोबर! एका आंब्याला 'गुस्ता', अनेक आंब्यांना 'गुस्तान'. आख्ख्या वर्गात त्या एकट्याला कळलं होतं. मास्तर म्हणाले, "इंग्लिश, प्लीज." पोरगा गप्प बसला. महिन्याभराने यायचा बंद झाला. मीही त्या दिवशी काही बोलले नाही.

माझं खरं भांडण इथे आहे. परदेशी भाषेच्या दारात आपण इंग्रजीचा वॉचमन बसवून ठेवलाय. ज्याला फाडफाड इंग्रजी येतं तोच आत. वास्तविक मराठी मुलाला स्पॅनिशमध्ये अर्धा रस्ता माहितीचा असतो. 'तू' आणि 'तुम्ही' तसं 'तू' आणि 'उस्तेद'. डोकं दुखतं तेव्हा त्यांच्यातही दुखणारं डोकं, आपण नाही. निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग असतं हे इंग्रजीवाल्याला विचित्र वाटेल, पण ज्याने खुर्ची 'ती' आणि पंखा 'तो' म्हणतच बोलायला शिकलंय त्याला काय त्याचं! पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, तिने तर आपल्या घरात शब्द आणून ठेवलेत. पगार घ्या. स्पॅनिशमध्येही 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं.

त्यातून सोलापूरचं पोर म्हणजे काय विचारता. आमच्या गल्लीत घरात तेलुगू, शाळेत मराठी, दुकानात कन्नड आणि रिक्षावाल्याशी हिंदी. शेजारची पद्मशाली मावशी 'नाकु इष्टं' म्हणते, अक्कलकोटचा दूधवाला 'ननगे इष्ट' म्हणतो. दोन्हींत पुन्हा तेच, 'मला'. तीन भाषांतून 'मे गुस्ता' शिकून आलेल्या मुलांना आपण सांगतो की तुम्हाला भाषा जमणार नाहीत, कारण तुमचं इंग्रजी कच्चं आहे. याहून मोठा विनोद मी ऐकलेला नाही.

कॉलेजांबद्दल तर बोलायलाच नको. अकरावीला फ्रेंच-जर्मन घेतात कशासाठी? मार्कांसाठी. परीक्षा झाली की पुस्तक रद्दीत. 2020 च्या शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांच्या यादीत स्पॅनिशचं नाव आहे. कागदावर आहे.

"आता मोबाईल सगळं भाषांतर करतोय की", हे धाकट्या काकांचं. मान्य. मी पुण्याहून परतल्यावर इथल्या एका टॉवेलवाल्यांकडे हिशेबाला होते. स्पॅनिशमधून एक ऑर्डर आली. त्यांच्या काँप्युटरने 'तोआया दे रिसो'चं भाषांतर केलं 'कुरळा टॉवेल'. सगळं ऑफिस हसलं आणि मालक 'आपण हे बनवत नाही' म्हणून उत्तर धाडायला निघाले. 'रिसो' म्हणजे कुरळी बट हे खरंच, पण कापडाच्या धंद्यात 'रिसो' म्हणजे टेरी! आपण दुसरं बनवतो तरी काय? आजची यंत्रं ही चूक करणार नाहीत, कबूल. दुसरी एखादी करतील. ती चूक आहे हे ओळखायला समोर भाषा येणारं माणूस लागतं, आणि त्या दिवशी ते चुकून माझ्या रूपाने तिथे बसलेलं होतं.

राहता राहिला 'स्कोप'. दादाची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. हैदराबादचा खर्च आहे, पुढे नोकरी लागेल याची हमी नाही, आणि मुलगी एकटी लांब राहणार. पण काका, तुम्हाला आजोबांनी गिरणीत चिकटवलं ते स्कोप बघूनच ना? तेव्हा गिरणी म्हणजे पर्मनंट. भोंगा बंद झाला तेव्हा तुमचं वय काय होतं, पदरात किती पोरं होती, ते मी घरात बघितलंय. तुम्ही महिनाभर कुणाशी बोलत नव्हतात. गिरणीचा अंदाज चुकला याचा दोष तुम्हाला कुणी दिला नाही, देऊही नये. मग सतरा-अठरा वर्षांच्या पोरीकडून पुढच्या तीस वर्षांची लेखी हमी कशाला मागता?

तिला विचारलं, स्पॅनिशच का गं? वाटलं, वेबसीरिज बघून असेल. सुरुवात तिथूनच झाली म्हणाली, त्यात लाज कसली. मग तिने वही दाखवली. डाव्या बाजूला स्पॅनिश, उजव्या बाजूला मराठी. मध्ये इंग्रजी कुठेच नाही. कुणी शिकवलं नव्हतं तिला हे. मी वही हातात घेऊन जरा वेळ नुसतीच बसले.

दादा, पहिल्या वर्षाची फी मी भरते. हॉस्टेलचं तू बघ. शुक्रवारपर्यंत फॉर्म जायला हवा. आणि काका, तुम्ही तिला स्वतः फोन करा. माझ्या सांगण्यावरून ती जेवायला बसली, पण अजून हसलेली नाही.