आधी बारावी, मग देव?

गेल्या वीकेंडला दुधनीला गेलो होतो. ज्यांना दुधनी माहीत नाही (म्हणजे बहुतेक तुम्ही सगळेच!) त्यांच्यासाठी: सोलापूर जिल्हा, अक्कलकोट तालुका, चार पावलांवर कर्नाटक. अर्धं बोलणं कानडीत, अर्धं मराठीत. आमच्यासारखी ख्रिस्ती घरं मोजकीच.

घरी वातावरण तापलेलं. अकरावीतल्या पुतण्यानं परीक्षेत पुढच्या बाकावरून आलेली चिठ्ठी घेतली नाही, मागेही सरकवली नाही. "प्रभूला आवडणार नाही असं वाटलं," एवढंच त्याचं म्हणणं. मार्क कमी आले, मित्र तुटले. आणि दर रविवारी उपासनेत पहिल्या रांगेत बसणारी आमची मोठी माणसं त्याला सुनावत होती, "आधी बारावी होऊ दे, मग देवाचं बघू."

हे वाक्य ऐकतच मी वाढलो. आधी बारावी, मग इंजिनिअरिंग, मग नोकरी, मग ऑनसाइट, मग फ्लॅट. आमच्या धंद्यात कोडमध्ये 'टूडू' लिहून ठेवतात, म्हणजे हे नंतर नीट करू. दहा वर्षं जुना प्रोजेक्ट उघडून बघा, टूडू तिथेच असतात, लिहिणारा कंपनी सोडून गेलेला असतो. माझी श्रद्धा ही अशीच एक टूडू. ऑफिसात कुणी "तू ख्रिश्चन? मग मराठी इतकं चांगलं कसं रे?" म्हणालं की मी हसून विषय बदलतो. आणि टॅक्स वाचवायला फुगवलेल्या भाडेपावत्या लावताना माझा हात एकदाही थरथरला नाही. सोळाव्या वर्षी जो चिठ्ठी नाकारायला शिकला नाही, त्याला पस्तिसाव्या वर्षी पावती फाडायची बुद्धी आकाशातून पडत नाही, मंडळी.

मोठ्यांचा दुसरा मुद्दा: "कोवळं वय, त्याला काय कळतंय?"

पुण्याहून दुधनीला रेल्वेनं जाताना वाटेत केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. तिथल्या कित्येक मुली दुष्काळातून वाचवून आणलेल्या, काही बालविधवा. १९०५ च्या जानेवारीत बाईंनी विचारलं, माझ्याबरोबर रोज प्रार्थनेला कोण बसेल? सत्तरएक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत आकडा पाचशेच्या वर गेला, आणि त्यांच्यातल्या काही जणी गटागटानं आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या. पुढे बाईंनी बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. त्याचे खिळे जुळवायला, ते छापायला मिशनच्या छापखान्यात याच मुक्तीच्या मुलींचे हात होते. बाई १९२२ मध्ये गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. 'पोरींना आधी कळू दे, मग काम देऊ' असं बाई म्हणत बसल्या असत्या तर? काम दिलं, म्हणून तर कळत गेलं!

आणि आपण आपल्या तरुण संघाला काय देतो? नाताळचा स्टार लावा, खुर्च्या मांडा, समूहगीत म्हणा. निर्णय सगळे मोठ्यांचे. मग हीच पोरं पुण्या-बंगलोरला जाऊन चर्चचं तोंड बघेनाशी झाली, की 'तरुण पिढी दूर का जाते' यावर आपण कमिटी नेमतो. धन्य आहे!

मोठ्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. कितीतरी घरं 'गप्प राहा, नाव काढू नका' असं शिकली ती अशाच कारणांनी. पण मीही पोरांना गळ्यात पाटी अडकवून फिरा म्हणत नाहीये. दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवा, असं तर मुळीच नाही. जबरदस्तीही नको. उद्या त्याला शंका आली, तर ती मोठ्यानं विचारण्याइतकी जागा घरात हवी. मी बोलतोय ते साध्या गोष्टींबद्दल. चिठ्ठी न घेणं. वर्गात ज्याच्याशेजारी कुणी बसत नाही, त्याच्याशेजारी बसणं. यासाठी बारावी पास व्हावं लागत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांच्या गर्दीत भाकरी निघाल्या त्या एका पोराकडे. त्याला कुणी 'आधी मोठा हो' म्हणून घरी पाठवलं नाही.

निघताना पुतण्याला म्हटलं, "बरोबर केलंस."

तो म्हणाला, "काका, तुम्ही असता तर?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. असो. जानेवारीत एचआरचा मेल येईल, भाडेपावत्या जमा करा म्हणून. यंदा खऱ्या भाड्याच्याच देणार आहे. टॅक्स बसेल तो बसेल. पोराला फोन करून सांगायचंय.