सुरकुत्या कोणाला खुपतात?
हॉलिवूड अभिनेत्री जेन फोंडा यांनी वयाच्या ७२ व्या वर्षी, २०१० मध्ये, हनुवटी, मान व डोळ्यांखालील भागावर सौंदर्यशस्त्रक्रिया केल्याचे उघडपणे सांगितले. आपल्यावरील २०१८ च्या माहितीपटात मात्र, तशी गरज वाटावी याचीच त्यांनी खंत व्यक्त केली आणि २०२० मध्ये यापुढे शस्त्रक्रिया न करण्याचा निर्धार जाहीर केला. फेसलिफ्टने सैल त्वचा ताणली जाते. वय वाढतच राहते. शिवाय उच्च रक्तदाब असल्यास त्वचेखाली रक्त साकळण्याचा, तर धूम्रपानामुळे जखम नीट न भरण्याचा धोका वाढतो. भारतात निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विम्यातून सहसा मिळत नाही. म्हणूनच उतारवयातील ही गरज स्वतःची की पाहणाऱ्यांची, याचा निवाडा शस्त्रक्रियेपूर्वीच व्हायला हवा.