चाळीस मिनिटांचा तास

२४ मार्च २०२०ला रात्री आठ वाजता करोनाच्या टाळेबंदीची ती घोषणा झाली. राज्यातली महाविद्यालये त्याआधीच आठवडाभर बंद झाली होती. फळ्यावरची तारीख पुसायलाही कुणी राहिले नव्हते. एप्रिल उजाडेपर्यंत ज्यांनी आयुष्यात कधी लॅपटॉपचा कॅमेरा चालू केला नव्हता असे प्राध्यापक ‘आवाज येतोय का?’ असे विचारू लागले होते. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत तास ४८ मिनिटांचा, आणि झूमचे फुकटचे खाते ४० मिनिटांनी तुटे. उरलेली आठ मिनिटे एरवीही हजेरीतच जात, त्यामुळे कुणाचे फारसे अडले नाही.

खरी गोम तिथेच आहे. ऑनलाइनमुळे शिक्षणाचा बट्ट्याबोळ झाला, हे आता सर्वमान्य वाक्य झाले आहे. पण पडद्यावर जे गेले ते तरी काय होते? ‘लिहून घ्या’ म्हणून सांगितलेल्या नोट्स वर्गात सांगितल्या काय आणि फोनवर सांगितल्या काय! ज्यांना शिकवायचे होते त्यांनी फोनमधूनही शिकवले. पुण्यातल्या रसायनशास्त्राच्या एका शिक्षिकेने कपड्यांच्या हँगरला फोन टांगला आणि खाली फळ्यावर लिहीत शिकवले. ते छायाचित्र देशभर फिरले. त्या काळातले सर्वांत उपयोगी शैक्षणिक तंत्रज्ञान कोणते, असे कुणी विचारले तर आम्ही तो हँगर दाखवू.

पोरांची बाजू निराळी. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक अवघ्या ४ टक्के घरांत. पुढच्या दोन वर्षांत स्वस्त डेटामुळे फोन पुष्कळ वाढले हे खरे, पण घरात फोन एक आणि शिकणारी तीन, शिवाय तो फोन सकाळी वडिलांबरोबर शेतावर जाणार. त्यात ३ जूनला ‘निसर्ग’ वादळ आले. रायगडात आणि दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तिथल्या मुलाला ‘लिंक पाठवली आहे’ हा निरोप कसा लागला असेल? कोकणात पावसात टेकडीवर खोपी उभारून अभ्यास करणाऱ्या मुलीचे आपण तेव्हा कौतुक केले. टॉवर का नाही, हे विचारायचे राहूनच गेले.

शहरातही पडदा सगळे सांगत नव्हता. साठ काळे चौकोन, त्यांत नावाची आद्याक्षरे. कॅमेरा बंद ठेवणारा प्रत्येक जण अंथरुणात लोळत होता असे नाही. दहा बाय दहाच्या खोलीत मागे आई भाकऱ्या थापते आहे, हे वर्गाला दिसू नये म्हणूनही तो बंद असे.

आणि मग परीक्षा. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाहीत, यावरून राज्य सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग उन्हाळाभर भांडले. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परीक्षेविना पदवी नाही, हवी तर मुदत वाढवून मागा. ऑक्टोबरात बहुतेक ठिकाणी तासाभराची बहुपर्यायी परीक्षा झाली, घरून, मोबाइलवर. काहींना लॉगिन मिळेना, काहींच्या प्रश्नपत्रिकेतल्या आकृत्याच उमटेनात. याचे आश्चर्य वाटायला नको होते. २०१७मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका घाईघाईने पडद्यावर तपासायला घेतल्या, तेव्हा निकाल महिनोन्‌महिने रखडले होते आणि कुलगुरूंना पद गमवावे लागले होते. यंत्रणा आधी जुंपायची आणि चाचणी मुलांवर घ्यायची, ही आपली जुनी खोड.

गंमत म्हणजे दुरून शिकवण्याची विद्या आपल्याच घरात होती. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून हेच करत आले आहे. एकट्याने, कामावरून येऊन, दिव्याखाली वाचणाऱ्या माणसासाठी पुस्तक कसे लिहायचे, धडा कुठे तोडायचा, मध्येच प्रश्न कुठे विचारायचा, यावर तिथे तीस वर्षे काम झाले होते. इतर विद्यापीठांनी त्यांच्याकडून तेव्हाच शिकून घ्यायला हवे होते. पण आपल्याकडे ‘मुक्त’ची पदवी म्हणजे दुय्यम, असा समज. सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याला मात्र लगोलग वेळ मिळे.

मे २०२१मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने चाळीस टक्क्यांपर्यंत शिक्षण ऑनलाइन घेता यावे, असा संमिश्र अध्ययनाचा मसुदा काढला. आज महाविद्यालयांत फेरी मारा. प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन, फी ऑनलाइन, परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन, नॅकच्या मूल्यांकनासाठी लागणारे फोटोसुद्धा जागेच्या नोंदीसह ऑनलाइन. कारभाराने तंत्रज्ञान ठेवून घेतले. शिकवणे मात्र पुन्हा ‘लिहून घ्या’वर आले. एसटी चुकली, ताप आला, कापूस वेचायला थांबावे लागले, अशा मुलासाठी तास ध्वनिमुद्रित करून ठेवावा, हे एवढेसे काम. तेव्हा ते रोज होत होते.

त्या दिवसांत अनेक प्राध्यापकांनी आपापली यूट्यूब चॅनेल काढली होती. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर त्यांचा पत्ता सहसा नसतो, पोरेच एकमेकांना पाठवतात. त्यातले एखादे उघडून पाहा. व्हिडिओ पंधरा-वीस, शेवटचा २०२२च्या सुरुवातीचा, मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. खाली कुणीतरी गेल्या सत्राच्या परीक्षेच्या आदल्या रात्री लिहिलेले असते : ‘सर, युनिट चार टाकता का प्लीज?’