आईच्या घड्याळाने पोर्तुगाल



'वय 74, मधुमेह आणि रक्तदाब, गुडघे बेताचे. मुलगी युरोपला चल म्हणते, जावे का?' अशा आशयाचा प्रश्न उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या दवाखान्यात कोणी ना कोणी विचारतेच. पूर्वी मी रक्तदाब मोजून, तपासण्यांचे कागद चाळून उत्तर देत असे. आता त्याआधी मीच एक प्रश्न विचारते : तुम्ही रात्री किती वाजता जेवता? हे विचारायला मी पोर्तो शहरातल्या एका संध्याकाळी शिकले, आणि तेही स्वतःच्या आईच्या बाबतीत चूक करून.

आईचे माहेर बांद्याचे. 1961 पर्यंत तेथून थोड्याच अंतरावर पोर्तुगिजांची हद्द सुरू होत असे. 'ज्यांच्या नाक्यावर आमची पिशवी उघडून बघत, त्यांचे घर तरी कसे आहे ते बघू दे,' असे ती कित्येक वर्षे म्हणत आली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिने ते निर्वाणीच्या स्वरात म्हटले. दादाचा सक्त विरोध होता. मधुमेह पंचवीस वर्षांचा, उजवा गुडघा झिजलेला. परदेशात काही झाले तर? त्याची काळजी रास्त होती. तरीही मी आईच्या बाजूने उभी राहिले आणि 2024 च्या मे महिन्यात चौदा जणांच्या एका संथ सहलीत आम्ही दोघी सामील झालो. जुलै-ऑगस्टमध्ये त्या देशाच्या दक्षिण भागात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. ज्येष्ठांनी एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडावा.

विमानतळावर चाकांच्या खुर्चीला आईने ठाम नकार दिला. 'मी काय आजारी आहे?' मी वाद घातला नाही. खुर्ची घेतली, तिच्यावर दोघींच्या पिशव्या ठेवल्या आणि निघाले. दुसऱ्या विमानतळावर लांबच लांब मार्गिका पाहून ती मुकाट्याने खुर्चीत बसली. विमानात दर तासा-दीड तासाने उठून चार पावले चालणे आणि बसल्या जागी घोटे वरखाली करणे मात्र तिने नेमाने केले. पायातील शिरांत रक्त गोठू नये म्हणून लांबच्या प्रवासात याला पर्याय नाही.

आता त्या संध्याकाळविषयी. पोर्तो हे दोरू नदीच्या उतारावर रचलेले शहर. साओ बेन्तू स्थानकाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांची अक्षरशः हजारो तुकड्यांची चित्रे आहेत. आई तेथे बाकावर तासभर बसली, आणि गटातले इतर बाजारात फिरून आले तरी तिचे पाहणे संपले नव्हते. संध्याकाळी नदीकाठच्या उपाहारगृहात आठ वाजता जेवण ठरले होते. घरी आई साडेसातला जेवते. त्यापूर्वी ग्लिमेपिराइडची गोळी घेण्याची तिची वर्षानुवर्षांची सवय. तिने खोलीतच, साडेसातला, गोळी घेतली. मी पाहिले आणि काही बोलले नाही. नंतर बस उशिरा आली, पुढे उताराचा रस्ता चालत जावे लागले, टेबल तयार नव्हते. नऊ वाजले तरी पुढ्यात ताट नाही.

आई गप्प झाली. मी तो शीण समजले. काही विचारले तर 'हं' एवढेच उत्तर. हात धरला तो गार, घामाने ओला! साखर मोजण्याचे यंत्र हॉटेलच्या खोलीत राहिले होते. मी डॉक्टर सोबत असताना ते कशाला लागेल, असे माझ्या मनात कोठेतरी असावे. शेजारच्या टेबलावरच्या कॉफीच्या साखरेच्या तीन पुड्या पाण्यात ढवळून तिला पाजल्या. पंधरा मिनिटांनी ती माझ्याकडे पाहून म्हणाली, 'एवढी घाबरलीस कशाला?' मग पाव आला, सूप आले. रात्री खोलीत मोजले तेव्हा साखर ठीक होती. मला मात्र पहाटेपर्यंत झोप लागली नाही.

सोबत जाणाऱ्या मुलासुनांनी हे नीट ध्यानात घ्यावे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि जेवणाआधीचे इन्सुलिन यांचे नाते घड्याळाशी नसून ताटाशी असते. परक्या गावी अन्न समोर आल्याखेरीज ही औषधे घेऊ नयेत. रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, गरज पडल्यास पुन्हा द्यावी, आणि मग काही पोटभरीचे खाऊ घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये; तेथे 112 हा क्रमांक फिरवावा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांत धडधड, थरथर ही लक्षणे झाकली जातात. म्हणून ज्येष्ठ व्यक्ती अचानक अबोल किंवा चिडचिडी झाली तर आधी साखर मोजावी, स्वभावाची मीमांसा नंतर.

दुसऱ्या दिवशी मी आईच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. घरच्या माणसाचे डॉक्टर घरच्या माणसाने होऊ नये, हे मी इतरांना सांगत असते. त्या दिवशी स्वतः पाळले. त्यांनी रात्रीची मात्रा कमी केली. मार्गदर्शक तरुणीला मी सांगितले, आजपासून आम्ही दुपारी एक वाजता मुख्य जेवण घेऊ, रात्री सातला हॉटेलात सूप घेऊ, आणि गटाच्या रात्रीच्या जेवणाला येणार नाही. तिला बरे वाटले नाही. पण पोर्तुगीज माणूस दुपारी सावकाश, पोटभर जेवतो. त्यामुळे आमचे काहीच हुकले नाही.

आणि काय जेवलो! 'काल्दू व्हेर्द' हे बटाट्याच्या दाटसर सुपात हिरव्या पानांची केसासारखी बारीक चिरलेली भाजी घालून करतात. वर सॉसेजची चकती असते. नको असल्यास आधी सांगावे. त्या पानांना पोर्तुगीजमध्ये 'कोव्ह' म्हणतात, आणि आपला 'कोबी' त्याच शब्दावरून आला. बटाटा, पाव, साबण, चावी, काजू, अननस हे शब्दही त्यांचेच. आई दुकानांच्या पाट्यांवर ते शोधत हिंडली. वॉर्फरिन घेणाऱ्यांनी मात्र या पालेभाजीचे प्रमाण रोजच्या आहारापेक्षा एकदम वाढवू नये, त्यातील के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करते. 'बाकल्याव' म्हणजे खारवून सुकवलेला कॉड मासा. तो पाहताच आई उद्गारली, 'ह्यो तर आपलो खारोच गो!' पाणी बदलत दिवस-दीड दिवस भिजवूनही त्यात मीठ उरते. रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी तो एकदा चाखावा आणि पुढे भाजलेली ताजी मासळी मागवावी. टेबलावर न मागता येणारा पाव, ऑलिव्ह, चीज हे खाल्ल्यास त्याचे पैसे पडतात. ऑलिव्ह आणि चीजमध्ये मीठही भरपूर. पोर्ट मद्याविषयी एवढेच की, द्राक्षरस आंबत असतानाच त्यात तीव्र मद्यार्क मिसळून आंबणे थांबवतात, त्यामुळे साखर तशीच राहते आणि मद्यार्कही वीस टक्क्यांच्या आसपास. मधुमेहींसाठी हे दुहेरी संकट.

पोर्तोहून आगगाडीने पिन्याव गावी जाण्याचा दिवस मला सर्वांत सुखाचा वाटला. अडीच तासांचा प्रवास, बराच काळ खिडकीला लागून नदी, दोन्ही काठांवर पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे. चढउतार नाही, घाई नाही. मग बसने दक्षिणेकडे निघालो. वाटेत कुइंब्रा येथे विद्यापीठाची टेकडी होती. गट वर गेला, आम्ही खाली मोंदेगू नदीकाठी बसलो. वरच्या जुन्या ग्रंथालयात पुस्तकांना त्रास देणारे किडे वटवाघळे खातात, हे इतरांकडून ऐकून आईला पहिल्यांदा हळहळ वाटली.

एव्होरा हे आलेन्तेजू प्रांतातले तटबंदीचे शहर. मध्यभागी रोमन मंदिराचे खांब उभे आहेत, आणि आसपासची माळरानाची भूमी बुचाच्या ओक वृक्षांनी भरलेली. येथल्या 'असोर्दा' या लसूण, शिळा पाव, अंडे आणि ऑलिव्ह तेलाच्या पातळ पदार्थात भरपूर कोथिंबीर असते. युरोपात कोथिंबिरीचा असा वास येईल, असे आईला स्वप्नातही वाटले नसते. बुचाच्या झाडांची साल दर नऊ वर्षांनी काढतात आणि त्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर पांढऱ्या रंगाने लिहितात. आमच्यासमोरच्या खोडावर 7 होता. आईने बोटांवर हिशेब केला, '2026 ला पुन्हा सोलणार. तेव्हा मी ऐंशीची.'

लिस्बनमध्ये पदपथ चुनखडीच्या लहान गुळगुळीत दगडांचे. पावसात ते शेवाळलेल्या पायरीसारखे निसरडे होतात. रबरी तळव्याचे बंद बूट आणि टोकाला नवे रबर बसवलेली काठी, एवढे हवेच. प्रसिद्ध 28 क्रमांकाच्या जुन्या ट्रामची पायरी उंच, आत गर्दी, खिसेकापूही असतात. तिचा मोह सोडावा. बेलेंला जाणाऱ्या 15 क्रमांकाच्या मार्गावर कमी उंचीच्या लांब आधुनिक ट्राम धावतात, त्यांत आई सहज चढली. 1755 च्या भूकंपानंतर नव्याने वसवलेला बायशा भाग सपाट आहे. चालायचे ते तेथे चालावे. बेलेंच्या जेरोनिमुश मठात वास्को द गामाची समाधी चर्चच्या दाराजवळच असल्याने फार चालावे लागत नाही. आई तेथे बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, 'बस झाले. आता ती कस्टर्डची वडी अर्धी-अर्धी खाऊ.' ती आम्ही जेवणानंतर, अर्धीच खाल्ली.

जाण्यापूर्वी किमान महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांकडे जावे. औषधांची यादी मूळ रासायनिक नावांनी लिहून घ्यावी, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तेथल्या हिरव्या क्रॉसच्या औषधदुकानात कोणी ओळखत नाही. सर्व औषधे, इन्सुलिन आणि साखरेचे यंत्र हातातल्या पिशवीत असावे. सामानाच्या बॅगेत कदापि नको. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. उन्हाळ्यात पोर्तुगाल आपल्या साडेचार तास मागे असते, हिवाळ्यात साडेपाच. प्रवासाच्या दिवशी इन्सुलिन कसे घ्यावे, हे तासवार लिहून मागावे. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का, हे वाचून पाहावे आणि ते लपवू नयेत.

आमची ती हातातली पिशवी आई अजून रिकामी करू देत नाही. परवा दादाने विचारले, तेव्हा ती म्हणाली, 'असू दे तशीच. साखरेच्या पुड्या मात्र नव्या भर.'