नाव कळले की ओळख होते

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन, तर १२ तारीख डॉ. सलीम अली यांचा. एक सोलापूरचे वनाधिकारी, दुसरे मुंबईच्या बोहरा कुटुंबातले. पालकांनी दोघांकडून एक गोष्ट घ्यावी.

लहानग्या सलीमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी प्रश्न उडवून लावला नाही. मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. त्या एका नावाच्या शोधातून पक्षितज्ज्ञ घडला. १९४५ साली तो पक्षी पाहत कैलास-मानसरोवरापर्यंत जाऊन आला.

चितमपल्लींनी रानात नोकरी करता करता शब्द जमवले, ‘पक्षीकोश’ लिहिला. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार हे शब्द त्यांनीच मराठीला दिले. जून २०२५ मध्ये ते गेले, शब्द राहिले.

नावाने काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. आपल्या वाशिम जिल्ह्यातले कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांचे आहे. काळविटाला दाट जंगल नको, मोकळा गवताळ माळ हवा. त्याच माळाला आपण ‘पडीक’ म्हणतो आणि नांगर घालतो. तणमोराचे तर नावच सांगते की, त्याला गवत लागते. पावसाळ्यात नर गवतावर उंच उड्या मारून मादीला बोलावतो. गवत गेले तसा तोही दिसेनासा होत चालला. अकोला-वाशिम भागात त्याला वाचवायला फासेपारधी पुढे आले, कारण पिढ्यान्‌पिढ्या शिकार करताना त्याच्या सवयी त्यांना पाठ झाल्या होत्या.

आपल्या घरांत तर दोन-दोन भाषा नांदतात. कुरआन शरीफच्या सूरह नम्लमध्ये आलेला हुदहुद मुलांना ठाऊक असतो. पण डोक्यावर तुरा असलेला, अंगणात चोच खुपसून किडे शोधणारा पक्षी तोच, हे किती जणांना माहीत आहे?

या सप्ताहात मुलांना एक वही द्या. दिसलेल्या पक्ष्याचे मराठी नाव, दादी-नानीच्या तोंडचे नाव आणि आमच्या पोहरादेवीसारख्या गावी राहत असाल तर तांड्यावरच्या शेजाऱ्यांचे गोरमाटी नावही त्यात लिहू द्या. म्हातारी माणसे आहेत तोवरच ही नावे विचारता येतील.